कवटी, रक्तगट आणि सोयरीक : डेक्कन कॉलेजमधील मानवशास्त्र

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले, तेव्हा तेथील समाजशास्त्र आणि मानवशास्त्राची धुरा इरावती कर्वे यांच्याकडे आली. बर्लिनमध्ये जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, डॉक्टरेट केली होती. मात्र या असममितीचा वंशाशी संबंध असावा, ही फिशर यांची अपेक्षा त्यांच्या मोजमापांतून खरी ठरली नव्हती.

संस्थेत शेजारीच हसमुख सांकलिया यांचा पुरातत्त्व विभाग होता. गुजरातमधील लांघणज येथे मध्याश्मयुगीन (जुन्या आणि नव्या अश्मयुगांच्या मधल्या काळातील) मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा कर्वे त्या कामात सहभागी होत्या. पुढे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके सापडली. अशा अस्थी आणि दात यांवरून वय, आहार व आजार यांचा अंदाज बांधता येतो.

विभागाचे सर्वांत धाडसी काम मात्र जिवंत माणसांवर झाले. एक मूळ जात फुटत जाऊन पोटजाती बनल्या, असे कर्वे यांचे गुरू गोविंद सदाशिव घुर्ये मानत. कर्वे यांचे म्हणणे उलट होते : आपसातच बेटीव्यवहार करणारे मुळात वेगवेगळे असलेले गट एका नावाखाली शेजारी येऊन बसले. हे तपासण्यासाठी त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची शारीरिक मापे आणि रक्तगटांसारखी जैविक लक्षणे ताडून पाहिली. हे गट एकाच खोडाच्या फांद्या असतील, तर त्यांच्यात ठळक साम्य दिसायला हवे. प्रत्यक्षात १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणीय फरक दिसले.

एवढ्यावर वाद मिटला असे मला वाटत नाही. लहान गटात पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आतच लग्ने होत राहिली, तर निव्वळ योगायोगाने काही जनुके वाढतात आणि काही नाहीशी होतात. त्यामुळे एकाच मुळातून निघालेले गटही कालांतराने वेगळे दिसू शकतात. तरीही जातीच्या उगमाबद्दलचे मत पोथ्यांतून बाहेर काढून मोजून तपासता येईल अशा रूपात मांडणे, हेच मला या विभागाचे खरे योगदान वाटते.

त्याच काळात कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही कर्वे यांनी केली आणि तिचा अहवाल १९६९ साली, त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला.