जमीन गोठणार असेल तर लसूण कधी लावायचा?

जिथे हिवाळ्यात जमीनच गोठते तिथे लसूण कधी लावायचा असं विचारलं तर बरेच जण म्हणतात बर्फ वितळला की लावा, टोमॅटो मिरचीसारखा. पण लसणाचं गणित उलटं आहे, त्याला थंडी हवीच असते.

जमिनीत टोचलेल्या पाकळीला साधारण ० ते १० अंश सेल्सिअसची थंडी ६ ते ८ आठवडे मिळाली की आतल्या कोंबात बदल होतो आणि पुढे गड्ड्याच्या वेगवेगळ्या पाकळ्या पडतात, याला व्हर्नलायझेशन म्हणतात. ही थंडी नीट मिळालीच नाही तर कांद्यासारखा एकच गोल गोळा हातात येतो, पाकळ्याच नाहीत! खायला चालतो तो, पण मेहनत केली गड्ड्यासाठी.

दुसरं म्हणजे दिवसाची लांबी. दिवस मोठे झाले आणि ऊब आली की लसूण पानं काढणं थांबवून गड्डा भरायला घेतो, आणि झाड लहान आहे म्हणून तो थांबत नाही. म्हणजे तोवर जेवढी पानं आली तेवढ्याच पानांच्या जोरावर गड्डा पोसणार. उशिरा लावलेला लसूण बारीक का राहतो ते इथे कळतं.

मग वेळ कुठली? जमीन गोठायच्या ४ ते ६ आठवडे आधी. तारीख पाठ करू नका, आपल्याकडे जमीन कधी गोठते ते बघून मागे मोजा. एवढ्या दिवसांत मुळं धरतात पण पानं फारशी वर येत नाहीत, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. फार लवकर लावला तर उंच पानं थंडीत करपतात, फार उशिरा लावला तर मुळंच धरत नाहीत आणि माती गोठताना वितळताना फुगते तशी पाकळी वर ढकलली जाते.

मोठ्यातल्या मोठ्या पाकळ्या निवडा, साल काढू नका, टोक वर ठेवून ५ ते ८ सेंटीमीटर खोल लावा. कडक थंडीत हार्डनेक जाती, म्हणजे मधोमध टणक दांडा येणाऱ्या, जास्त तग धरतात. वर पेंढ्याचा जाड थर द्या, तो माती सारखी गोठण्या-वितळण्यापासून वाचवतो.

आणि हिवाळ्याआधी लावायचं राहूनच गेलं तर पाकळ्या ६ ते ८ आठवडे फ्रीजमध्ये ठेवा आणि माती हाताळता येईल त्या पहिल्याच दिवशी लावा, गड्डे जरा लहान येतील पण पाकळ्या पडतील.