लकव्याचा रुग्ण रुग्णवाहिकेत असताना

लकव्याच्या बहुतेक रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते, काहींत ती फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं. खात्री सीटी स्कॅनशिवाय होत नाही, आणि वाटेतल्या उपचारांची सगळी बंधनं यातूनच येतात.

म्हणून स्कॅनआधी गुठळी रोखणारं ॲस्पिरिन देत नाहीत. रक्तदाब 190 दिसला की जिभेखाली गोळी ठेवायची सवय मात्र अजून गेलेली नाही. वाहिनी तुंबली असेल, तर पलीकडच्या अर्धमेल्या पेशी त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतात. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवून पाहिला. 2024 साली निष्कर्ष आले. रक्तस्रावाच्या रुग्णांना फायदा झाला, गुठळीच्या रुग्णांना तोटा, आणि एकूण हिशेब जिथल्या तिथे!

मग करायचं काय? आधी बोट टोचून साखर. ती 60 मिलिग्रॅमखाली गेली तर हुबेहूब लकव्यासारखी लक्षणं दिसतात, आणि ग्लुकोज देताच बऱ्याचदा ओसरतात. साखर ठीक असेल तर सलाईन साधं, डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं नको. सुई शक्यतो लुळ्या नसलेल्या हातात. ऑक्सिजन 94 टक्क्यांखाली असेल तरच. तोंडाने पाण्याचा घोटही नाही, कारण गिळणं बिघडलेलं असतं आणि पाणी फुफ्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर. ईसीजी चालत्या गाडीत जमला तर ठीक, त्यासाठी थांबू नये.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. पहाटे सहाला लकवा दिसला, पण रात्री दहाला माणूस नीट झोपला होता, तर नोंद रात्री दहाची. हे सांगणारा नातेवाईक गाडीतच हवा, रोजच्या गोळ्यांसकट. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली यावर इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं.

जर्मनीतल्या होम्बुर्गमध्ये 2008 पासून सीटी यंत्रच गाडीत बसवून रुग्णाच्या दारी नेलं जातं. महागडा उपाय. आपल्याकडच्या 108 ला तूर्त एवढं पुरे: जवळचं नव्हे, तर चोवीस तास सीटी चालणारं रुग्णालय गाठणं आणि वाटेतूनच फोन करणं. फोनवर अंदाजे वजनही सांगावं. इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो.