गोळी तासांत, गुण आठवड्यांनी

डिप्रेशनची गोळी घेतली की काही तासांतच मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनावर तिचा परिणाम दिसू लागतो. मन मात्र सावरायला दोन ते चार आठवडे घेतं, कधी त्याहूनही जास्त. ‘सेरोटोनिन कमी पडलं, गोळीनं ते भरून काढलं’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण इथेच अडखळतं. एवढंच असतं, तर गुण दुसऱ्या दिवशीच यायला हवा होता.

दोन चेतापेशींमध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, ते पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि संदेश पोहोचतो. उरलेलं सेरोटोनिन पहिलीच पेशी परत आत ओढून घेते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधं हे ओढून घेणारं प्रथिन अडवतात, त्यामुळे फटीत सेरोटोनिन साठतं. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरही काही रिसेप्टर असतात आणि ते टाकीतल्या फ्लोटसारखे वागतात: पातळी वाढली की पुरवठा कमी. म्हणून सुरुवातीला औषध आणि मेंदू एकमेकांविरुद्ध जोर लावत असतात. काही आठवड्यांनी हे रिसेप्टर बोथट होतात आणि पुरवठा मोकळा होतो. शिवाय या काळात पेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिनं वाढतात, नवे जोड तयार होतात, असं मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. केटामाइन हे भुलीचं औषध ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या वाटेनं जातं आणि काही रुग्णांना काही तासांतच उतार देतं. म्हणजे सगळा खेळ सेरोटोनिनचा नाही.

या उशिराची एक वाईट बाजू आहे. मळमळ, अस्वस्थता आधी येते आणि गुण नंतर. त्यामुळे नेमकं चुकीच्या वेळी औषध सोडून दिलं जातं.

मन कधी उन्मादात चढतं, कधी उदासीत बुडतं, त्या बायपोलर आजारात लिथियम देतात. त्याची तऱ्हाच वेगळी. हे साधं मूलद्रव्य, सोडियमचं भावंड. उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी 1949 मध्ये मांडलं. लिथियम पेशीच्या आत शिरून जीएसके-3 सारख्या एन्झाइमांना आवर घालतं, असं मानलं जातं. मनाचे चढ आणि उतार दोन्ही त्यानं सौम्य होतात. मात्र उपयोगी आणि घातक पातळीत अंतर फार थोडं: रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर चालतं, 1.5 च्या वर विषबाधेचा धोका. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं, म्हणून जुलाब झाले किंवा मीठ एकदम तोडलं तरी पातळी चढते. रक्ततपासणी त्यासाठीच.

बायपोलरमध्येच दिली जाणारी व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन ही मूळची अपस्माराची औषधं. पेशींचा अतिउत्साह ती आवरतात, त्यात सोडियमच्या वाहिन्यांवरचा परिणाम महत्त्वाचा.

बायपोलर आजारात नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर काहींचं मन थेट उन्मादाकडे झुकतं. म्हणून उदास रुग्णालाही डॉक्टर विचारतात: झोप न घेताही भरपूर उत्साह वाटतोय, असे दिवस कधी आले होते का?