बोस्टनचा डॉलर आणि शारदा सदनाची अट

डिसेंबर १८८७ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 'रमाबाई असोसिएशन' नावाची संस्था स्थापन झाली. सभासदानं वर्षाला एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षं देत राहायचा, एवढीच मागणी होती. पैसा जाणार होता हिंदुस्थानात, उच्चवर्णीय बालविधवांच्या एका शाळेसाठी, आणि ती शाळा अजून उघडलेलीही नव्हती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत एपिस्कोपल चर्चचे फिलिप्स ब्रुक्स होते आणि दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्डही होत्या. वेगवेगळ्या पंथांची ही माणसं एकत्र आली ती एका २९ वर्षांच्या विधवेच्या शब्दावर. पंडिता रमाबाईंच्या.

परदेशी पैशावर चाललेल्या समाजकार्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक तर संशय घेतला जातो, नाही तर उपकाराची भाषा सुरू होते. शारदा सदनाच्या हकिकतीत या दोन्हींच्या पलीकडचं पुष्कळ काही सापडतं. पैसा कुणाचा यापेक्षा निर्णय कुणाचा, हा प्रश्न रमाबाईंना आयुष्यभर सोडवावा लागला, आणि त्याची सुरुवात बोस्टनच्या बरीच आधी झाली.

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. बालपण तीर्थयात्रांत, पुराणं सांगत फिरण्यात गेलं. दुष्काळात आईवडील गेले, आणि भावाबरोबर पायी देश तुडवत ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दीड-दोन वर्षांतच पती पटकीनं गेले आणि १८८२ मध्ये तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. शंभरातले नव्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, हे त्यांनी सरकारी आयोगाला तोंडावर सांगितलं. बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, हीही मागणी तिथलीच.

वैद्यक शिकायला त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहूनच गेलं. तिथल्या वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. कालपर्यंत कौतुक करणाऱ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली.

पण धर्म बदलला म्हणून रमाबाई आज्ञाधारक झाल्या नाहीत, आणि या कथेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत असं मठात ठरलं, तेव्हा लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही, असं त्यांनी विचारलं. मांसाहार त्यांनी केला नाही. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात राहत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विचार पुढे आला. हिंदुस्थानात याचा बभ्रा होईल म्हणून बिशपांनी हरकत घेतली, तर माझ्या देशातलं मला कळतं, असं त्यांचं उत्तर होतं. आपल्याला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, स्वतःचा निर्णय करण्याची ताकद आहे, हे त्यांनी लेखी बजावलं. आसरा, शिक्षण, धर्म सगळं जिथून मिळालं त्या घराला हे सांगायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना बोलावलं. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचं, ११ मार्चचं. मुक्काम थोड्या दिवसांचा होता, तो अडीच वर्षांहून लांबला. रमाबाई गावोगाव बोलत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक १८८७ मध्ये निघालं; प्रस्तावना बॉडलीबाईंची होती, आणि शाळेसाठीच्या पैशाची सुरुवात त्याच्या विक्रीतून झाली. घेणं मात्र एकतर्फी नव्हतं. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेचं मराठी प्रवासवृत्त लिहिलं. तिथल्या बायकांच्या संघटनांचं कौतुक त्यात भरभरून आहे, तसंच काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल स्पष्ट बोलही आहेत. ज्यांच्याकडून वर्गणी घेतली त्यांच्या देशाकडेही त्या उघड्या डोळ्यांनी पाहत होत्या.

असोसिएशनची अट अशी होती: शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार होणार नाही. मुलींनी आपापलं सोवळंओवळं, जातीचे नियम पाळले तर पाळू द्यायचे. ख्रिस्ती बाई, ख्रिस्ती देणगीदार, आणि शाळा धर्मनिरपेक्ष! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. दाखल होणाऱ्या पहिल्या विधवांत कोकणातल्या गोदूबाई होत्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं. सल्लागार मंडळात न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती.

भांडण पेटलं ते एका उघड्या दारावरून. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे, ज्या मुलींना वाटे त्या आत येऊन बसत. हा छुपा प्रचार आहे, असं 'केसरी'नं आणि इतरांनी म्हटलं. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण हाकलणारही नाही. हिंदू मुलीला तिच्या धर्माचं जे स्वातंत्र्य आहे तेच मला आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. पंचवीसएक मुलींना पालक घरी घेऊन गेले.

माझ्या मते दोन्ही बाजूंना काही म्हणायचं होतं. ज्या घरात राहतो, जेवतो, शिकतो, तिथल्या आईसारख्या बाईची श्रद्धा लहान मुलीवर परिणाम करणारच; रानड्यांची चिंता खोटी नव्हती. पण दार लावून घे, हे रमाबाईंना सांगणं म्हणजे वाँटेजचाच हुकूम उलट्या दिशेनं देणं होतं. बोस्टनच्या लोकांनी मात्र या वादात त्यांची साथ सोडली नाही. कार्यकारी समितीच्या प्रमुख जूडिथ अँड्र्यूज पुढे स्वतः पुण्याला येऊन गेल्या.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर वस्ती झाली. तेच मुक्ती सदन. आता 'उच्चवर्णीय विधवा' हे कुंपण उरलं नाही. कुठल्याही जातीची, आंधळी, टाकलेली, कुणीही चालत होती. वस्ती वाढत दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळेही त्यांनीच जुळवले. दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपला. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' या नावानं संस्था पुढे चालली. केडगाव मात्र उघडपणे ख्रिस्ती होतं, आणि पुण्याचा हिंदू समाज मनानं दूर गेला तो गेलाच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला. परदेशी देणगीदार आणि ख्रिस्ती चालक यांच्यावरून शारदा सदन ज्या पेचात सापडलं, तो हिंगण्याला नव्हता; पैसा दारोदार फिरून इथलाच गोळा करायचा होता. त्या फिरतीत गोदूबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. त्याही बालपणीच्या लग्नातून विधवा झालेल्या, वाचायला शिकल्या त्या विशी उलटल्यावर. १९१८ मध्ये, रमाबाई पहिल्या खेपेला अमेरिकेहून निघाल्या त्याला तीस वर्षं होत असताना, इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी मदत मिळवायला पार्वतीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या, आणि तिथं लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या.