जुन्या पेट्रोल गाडीचं नॉकिंग आणि मिसिंग

नॉकिंग म्हणजे पेट्रोल इंजिनवर लोड आला की आतून येणारा टिणटिण किंवा कडकड असा धातूचा आवाज, आणि मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट फायर न झाल्याने गाडी आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) थरथरणं, झटके मारणं, पिकअप तुटणं. नागपुरात कार्बोरेटरवाली (पेट्रोल नि हवा मिसळून देणारं जुनं यंत्र असलेली) मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, अँबेसिडर अजूनही कुणाकुणाकडे आहे आणि एप्रिल लागला की मिस्त्रीच्या कानावर पडणारं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, गाडी चढावर आवाज करून राहिली अन् सिग्नलला बंद पडून राहिली." एका दमात सांगितलं तरी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली लोडवर आणि गरम इंजिनला येते, दुसरी बहुतेक आयडलिंगला, त्यामुळे "नेमकं कधी होतं" हे नीट विचारलं की निदानाचं निम्मं काम तिथेच उरकतं. दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्या असतील तर मिक्श्चर लीन झालंय, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय, हा पहिला संशय घ्यावा.

आत काय होतं ते थोडक्यात. प्लगने ठिणगी टाकली की जाळ प्लगपासून पसरत जातो, पण कोपऱ्यातलं अजून न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तिथपर्यंत जाळ पोचायच्या आधीच स्वतःहून पेटलं तर दाबाची लाट सिलिंडरमध्ये आपटत राहते, आपल्याला ऐकू येतो तो तिचाच आवाज. चढावर क्षणभर आला नि गेला तर बिघडत नाही. तासन्‌तास तसंच चालवलं तर पिस्टनचा माथा खड्डे पडून खराब होतो, रिंगांच्या खाचा तुटतात, हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) उडतं. पेट्रोल या आगाऊ पेटण्याला किती दाद देत नाही ते ऑक्टेन आकड्याने मोजतात. आकडा वाढवायला १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड सापडलं, ते पुढे जगभर पेट्रोलमध्ये गेलं, आणि भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं.

आवाज खरंच नॉकिंगचा आहे का हे आधी ठरवावं कारण फसवणारे आवाज बरेच आहेत. ढिल्या टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) टिकटिक आयडलिंगलाही येते आणि चढ असो नसो फरक पडत नाही, मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलेलं असेल तर थंड इंजिनला फटफट जास्त आणि गरम झाल्यावर कमी, बेअरिंगचा ठोका जाड आणि खोल असतो, सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा तर ठराविक आरपीएमला हुबेहूब नॉकिंगसारखा वाजतो. नागपूर सपाट असल्याने चाचणीला चढ शोधावा लागतो, त्यासाठी स्टेशनजवळचा रामझुला किंवा फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर चढणारा रस्ता पुरतो. इंजिन पूर्ण गरम करून, टॉप गिअरमध्ये ताशी ३५-४० वर असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा. बारीक टिणटिण येऊन लगेच विरली तर टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, ठीकच म्हणायचं, सतत कडकड राहिली तर नॉकिंग आहे. पक्की खात्री करायची तर टायमिंग तीन-चार डिग्री मागे घेऊन (ठिणगी थोडी उशिरा पडेल असं करून) त्याच चढावर परत जायचं. आवाज गेला तर नॉकिंग, तसाच राहिला तर दुसरं काहीतरी आहे आणि उगाच पेट्रोलला शिव्या देण्यात अर्थ नाही.

टायमिंगचं सगळं काम डेल्कोत, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये असतं. आपल्याकडे बरेच मिस्त्री पहिल्यांदा कार्बोरेटर खोलतात, ते माझ्या मते उलटं आहे, कारण खोललेला कार्बोरेटर परत जसाच्या तसा लागेल याची खात्री नसते आणि डेल्को तपासायला पाव तास लागतो. आधी पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) गॅप, मग टायमिंग, हा क्रम चुकवायचा नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होऊन टायमिंग मागे पडतं, म्हणून आधी टायमिंग लावून मागाहून गॅप बदलला तर केलेलं पाण्यात. टायमिंग लाइट (पुलीवरची खूण दाखवणारा लुकलुकता दिवा) लावताना कार्बोरेटरकडून डेल्कोला येणारा व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करावं. लाइटमध्ये पुलीवरची खूण एका जागी न थांबता नाचताना दिसली तर डेल्कोच्या शाफ्टचा बुश गेलाय, अशी गाडी एकाच वेळी नॉकिंगही करते आणि मिसिंगही, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आठवड्यात परत येते. डेल्कोच्या पोटात अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा असतात, स्प्रिंग ढिली झाली की आयडलिंगला टायमिंग बरोबर दिसतं पण रेस दिल्यावर ते गरजेपेक्षा जास्त पुढे पळतं. नुसतं कानाने टायमिंग लावणाऱ्या जुन्या हाताच्या मिस्त्रीलासुद्धा हे पटकन सापडत नाही. एलपीजी किट लावलेल्या गाडीत आणखी एक भानगड असते, गॅससाठी टायमिंग पुढे करून ठेवलेलं असतं आणि पेट्रोलवर टाकली की ती कडकडते.

मिसिंगसाठी सगळ्यात जुनी आणि अजूनही चांगली पद्धत म्हणजे आयडलिंगला एकेका प्लगची वायर काढून बघणं. वायर काढली की इंजिन आणखी खाली बसलं तर तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. हातात इन्सुलेटेड पक्कड हवी, झटका जोरदार बसतो. पॉइंटवाल्या गाडीलाच हे करावं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर कॉइल किंवा मॉड्यूल जाऊ शकतं. रात्री लाइट बंद करून बॉनेट उघडलं आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर चिरलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या पळताना दिसतात, पावसाळ्यात सकाळी चालू न होणाऱ्या गाड्यांचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

मग प्लग काढून ओळीने ठेवायचे आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते विसरायचं नाही. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय, पांढराफटक म्हणजे लीन किंवा फार गरम. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक काळे किंवा चकाकते कण दिसले तर नॉकिंग नुसतं कानाला नाही, पिस्टनलाही लागलंय.

हवा चोरून आत जाणं हा दोन्ही तक्रारींना जोडणारा धागा आहे. कार्बोरेटरखालचं गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्ड, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि डेल्कोच्या व्हॅक्यूम डब्यातला (इंजिनच्या ओढीने टायमिंग हलवणाऱ्या) पडदा, एवढ्या चार जागा बघितल्या तरी बरंचसं सापडतं. बूस्टरचा पाइप चिमटीत घट्ट दाबला आणि आयडलिंग सुधारलं तर कळलंच. व्हॅक्यूम डब्याची चाचणी मिस्त्री लोक तोंडाने करतात, कार्बोरेटरकडचं टोक काढून ओढायचं आणि टोकाला जीभ लावून धरायची, जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत, सुटली तर फाटलेला. बाकी जोडांवर कार्ब क्लीनर थोडा थोडा मारून इंजिनचा आवाज बदलतो का ऐकतात. त्याऐवजी गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडणारेही आहेत, ते करू नये, आग लागते. पीयूसीची पावतीसुद्धा कामाची असते पण कुणी वाचत नाही. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अगदी कमी आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) खूप जास्त असेल तर मिक्श्चर लीन होऊन सिलिंडर फायर सोडतोय, दोन्ही जास्त असतील तर बहुधा पेट्रोल जास्त जातंय.

पेट्रोलवर खापर फोडणं सोपं असतं, काही वेळा ते बरोबरही असतं. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन पडतं आणि टाकी भरल्या दिवसापासून नॉकिंग सुरू होतं. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो, थेंब टाकल्यावर उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं प्रकरण जरा उलटं आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, साधं पेट्रोल आपल्याकडे आधी ८७-८८ आणि नंतर ९१ होतं तर याचं ९५, त्यामुळे नॉकिंग खरं तर कमी व्हायला पाहिजे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. एक किलो साधं पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते तर या पेट्रोलला साधारण साडेतेरा. फ्युएल इंजेक्शनची गाडी हे सांभाळून घेते, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र जुन्याच हिशोबाने पेट्रोल देत राहतो, म्हणून गाडी लीन होते, थंडीत सकाळी चोक जास्त वेळ लागतो, अर्ध्या रेसवर झटके येतात. थोडा मोठा जेट टाकणं हा इलाज आहे. सोबत रबरी पाइप आणि डायफ्राम बदलावेत, जुनं रबर यात फुगतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरून खाली पाणी बसतं.

नागपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. पारा ४५ च्या वर गेला की आत जाणारी हवाच गरम, त्यामुळे डिसेंबरात बिनतक्रार चालणारं टायमिंग मे महिन्यात नॉकिंग करतं. काही जुन्या गाड्यांच्या एअर फिल्टरच्या सोंडेला उन्हाळा-हिवाळा अशा दोन बाजू असतात, हिवाळ्याच्या बाजूला ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची गरम हवा ओढते, आणि ती फिरवायची असते हे नव्या मालकाला कुणी सांगितलेलंच नसतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकत राहिलं की आत क्षार जमतात, तापमानाचा काटा मध्यावर दिसत असला तरी हेड मात्र तापलेलं राहतं. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडची पद्धत तर बंदच व्हायला हवी, त्याने थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि अडलेला रेडिएटर अडलेलाच राहतो. दुपारी ट्रॅफिकमध्ये गाडी गुदमरून बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते तो व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ अडकणं, मिसिंग नव्हे, तिथे इंजिनच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती आजही चालते.

एवढं करूनही आवाज राहिला तर कार्बन. नुसती गावात फिरणारी, कधी हायवे न बघितलेली गाडी हेडमध्ये कार्बन धरते, त्याने कॉम्प्रेशन वाढतं, आणि चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार गचके देत फिरत राहतं ही त्याची खूण. हेड खोलायच्या आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. एक सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर मधलं हेड गॅस्केट. अँबेसिडरसारख्या जुन्या लोखंडी हेडच्या गाड्यांत शिसं गेल्यापासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणजे गाडी आधीपेक्षा शांत वाटते, मालक खूश होतो, आणि तिकडे व्हॉल्व्ह जळत असतो. अशा गाडीचे टॅपेट फीलर गेजने वेळच्या वेळी तपासावेत.

एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत) आलेल्या झेन, सँट्रो वगैरेंमध्ये पॉइंट नाहीत, जेट नाही, त्यामुळे मिसिंगसाठी आधी थ्रॉटल बॉडीचा मळ, प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बघावेत, आणि सिलिंडर शोधताना प्लग वायरीऐवजी इंजेक्टरचं कपलर काढावं. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत आवाज सहसा येत नाही, कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि मालकाला फक्त पिकअप आणि अ‍ॅव्हरेज गेल्याचं कळतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना अशी गाडी एकाएकी जड वाटली तर एकटं असताना ती कशी चढते ते आठवून आधी गाडीत भरलेली माणसं नि सामान मोजावं, मग सेन्सरकडे जावं.