काचेच्या खड्यात शिसं कशाला?

‘अमेरिकन डायमंड म्हणजे शेवटी काचच की!’ लग्नसराईत हे वाक्य हमखास कानावर येतं. ते चूक आहे. अमेरिकन डायमंड हा झिर्कोनियम ऑक्साइडचा, कारखान्यात वाढवलेला स्फटिक. काचेच्या नकली हिऱ्याला युरोपात वेगळं नाव आहे: स्ट्रास. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास नावाचा जवाहिऱ्या होता. शिसं मिसळलेल्या काचेचे त्याचे खडे इतके गाजले की फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांत त्याचं आडनावच खड्याला चिकटलं. इंग्रजीत त्यालाच पेस्ट म्हणतात.

पण काचेत शिसं कशाला? खरी गंमत इथेच आहे. खड्यात वरून शिरलेला प्रकाश खालच्या तिरप्या पैलूवर आदळतो. तो ठरावीक कोनापेक्षा जास्त तिरपा आदळला तर पूर्ण परावर्तित होतो, नाहीतर थोडाफार पलीकडे निसटतो. हा क्रांतिक कोन पदार्थाच्या अपवर्तनांकावर ठरतो, म्हणजे त्या पदार्थात प्रकाशाचा वेग किती पटीने कमी होतो त्या आकड्यावर. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून कोन जेमतेम २४ अंश. साध्या काचेचा १.५२, म्हणून कोन ४१.१ अंश. आता मार्सेल टोलकोव्स्की या अभियंत्याने १९१९ साली हिऱ्याच्या खालच्या पैलूंसाठी काढलेला उतार पाहा: ४०.७५ अंश. सरळ वरून आलेला किरण त्या पैलूवर नेमक्या एवढ्याच कोनात आदळतो. म्हणजे साधी काच अर्ध्या अंशाहूनही कमी फरकाने नापास!

शिशाच्या आयनाभोवतीचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल असतात. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने ते सहज हलतात आणि त्यामुळे काचेतून जाताना प्रकाशाचा वेग आणखी कमी होतो. अपवर्तनांक १.६५ झाला की क्रांतिक कोन ३७ अंशांवर उतरतो आणि तो किरण आतच अडकून वर परततो. तिरके येणारे किरण तरीही निसटतात, म्हणून खड्यामागे चकचकीत वर्ख लावायची पद्धत पडली.

राशीच्या खड्यांबद्दलही इथेच बोललं पाहिजे. ‘माणिक’ म्हणून लाल काच बोटात घालून वर्षानुवर्षं समाधानी असलेली माणसं आहेत. खडा ग्रहाचे किरण ओढतो म्हणणाऱ्यांनी त्यांना विचारावं, फरक कधी पडला?

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग. सुटा खडा, मागे वर्ख नसलेला, पाण्यात बुडवून वरून पाहा. बाहेर हवेऐवजी पाणी असलं की क्रांतिक कोन वाढतो: शिशाच्या काचेचा ५४ अंशांच्या आसपास जातो आणि ती एकदम निस्तेज दिसते. हिऱ्याचा कोन ३३ वरच थांबतो, अमेरिकन डायमंडचा ३८ वर. दोघंही पाण्यात चमकत राहतात.