विलापस्तोत्रे (बायबल)

विलापस्तोत्रे : बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत आलेली दुःखाची, तक्रारीची आणि धाव्याची प्रार्थनागीते. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे या प्रकारात मोडतात. आजारपण, खोटा आळ, जवळच्या मित्राचा दगा, शत्रूचा वेढा, परागंदा होणे, मरणाची भीती अशा वेळी माणूस देवाशी कसा बोलतो ते त्यांत दिसते. निराशेच्या काळात ख्रिस्ती श्रद्धा आशा कुठून आणते, हे समजून घ्यायचे तर या स्तोत्रांपासूनच सुरुवात करावी लागते. त्यांतली आशा दुःखावर पांघरूण घालून येत नाही. गाऱ्हाणे पुरते मांडले जाते आणि ते मांडता मांडताच ती उगवते.

या स्तोत्रांची एक ठरावीक घडण आहे. आरंभी देवाला हाक असते, मग गाऱ्हाणे, त्यामागून याचना. पुढे विश्वासाचे शब्द येतात आणि शेवटी सुटका झाल्यावर मंडळीत (उपासनेला जमलेल्या समुदायात) देवाची स्तुती करण्याचा नवस बोलला जातो. प्रत्येक स्तोत्रात हा क्रम तंतोतंत पाळलेला असतो असे नाही. १३वे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे, पण हा सगळा प्रवास त्यात आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो : देव कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, जीवाने कोठवर चिंता वाहायची, शत्रूने कोठवर वरचढ राहायचे. सहाव्या ओवीपर्यंत तोच माणूस गाऊ लागलेला असतो. मधल्या काळात परिस्थिती बदलली, असे स्तोत्र कुठेही म्हणत नाही.

गाऱ्हाण्याची भाषा शरीराची आहे. ६व्या स्तोत्रात रात्रभर रडून अंथरूण भिजते. २२व्यात हाडे निखळतात, काळीज मेणासारखे वितळते, जीभ टाळूला चिकटते. ६९व्यात पाणी गळ्याशी आलेले आहे आणि पायाखाली नुसता चिखल. १०२व्या स्तोत्रातला माणूस घराच्या छपरावर एकट्या पडलेल्या चिमणीसारखा रात्र जागून काढतो. ५५व्यात घाव घालणारा शत्रू नसून सोबत देवळात जाणारा सोबती आहे आणि ती जखम अधिक खोल आहे. हे सगळे देवालाच ऐकवले जाते. बोलणारा देवाकडे पाठ फिरवत नाही. तो त्याला दोष देतो, जागे हो म्हणतो, झोपलास का असे ४४व्या स्तोत्रात सरळ विचारतो. पण बोलणे थांबवत नाही. माझ्या मते या स्तोत्रांचे मर्म इथेच आहे. ज्याच्याकडे तक्रार न्यावी असा कोणीतरी आहे ही खात्री तक्रारीच्या पहिल्या शब्दातच असते, आणि आशेचे मूळही तिथेच रुजलेले असते.

तक्रारीतून स्तुतीकडे होणारा अचानक पालट कसा समजून घ्यावा, यावर अभ्यासकांत बराच खल झाला आहे. जर्मन विद्वान हेर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांचे प्रकारवार वर्गीकरण केले. त्यांच्या पठडीतील योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे सुचवले, की मंदिरात गाऱ्हाणे मांडून झाल्यावर याजक (मंदिरातील पुरोहित) देवाच्या नावाने धीराचा शब्द देत असावा आणि स्तोत्राचा दुसरा भाग तो ऐकल्यानंतरचा असावा. याला बायबलमध्येच एक बोलके उदाहरण आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात मूल नसलेली हन्ना शिलो येथील मंदिरात ओठ हलवत रडते. एली याजकाला ती प्यालेली वाटते. ती आपले दुःख सांगते, तेव्हा तो तिला शांतीने जायला सांगून तिचे मागणे पुरे होवो असा आशीर्वाद देतो. हन्ना उठते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तिला अजून मूल झालेले नसते. कोणीतरी तिचे ऐकून घेतलेले असते, एवढेच घडलेले असते.

सगळीच विलापस्तोत्रे पालटाकडे जात नाहीत. ८८वे स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधारातच आहे; हिब्रू मूळात त्याचा शेवटचा शब्दही अंधार हाच आहे. सोबती दूर केले गेलेले, जीव कबरेच्या तोंडाशी, आणि देवाकडून उत्तर नाही. तरी हा माणूस पहाटे प्रार्थना करतो, दिवसा हाक मारतो, रात्री धावा करतो. संकलन करणाऱ्यांनी हे स्तोत्र गाळले नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. ज्यांच्या आयुष्यात अद्याप काहीही सुधारलेले नाही, त्यांनाही पवित्र शास्त्रात जागा आहे, हे या एका स्तोत्रामुळे ठरून गेले.

काही विलाप एका माणसाचे, तर काही सगळ्या लोकांचे आहेत (स्तोत्र ४४, ७४, ७९, ८०). त्यांतील काहींच्या मागे बहुधा इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने केलेला यरुशलेमचा विध्वंस आहे. मंदिर जळाले, राजा कैद झाला, लोकांना बंदी करून नेले. त्याच आघातातून ‘विलापगीत’ हे पाच अध्यायांचे पुस्तक आले. त्याचे पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, अशा ६६ ओव्या आहेत. दुःखाला अंत दिसत नसताना त्याला अक्षरांची चौकट देण्याचा हा प्रयत्न असावा. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन याच तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पुस्तकाच्या मध्यावर आहे. त्यानंतर विलाप पुन्हा सुरू होतो आणि पुस्तक उत्तर न मिळालेल्या प्रश्नाशी थांबते. यहुदी समाजात मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणदिनी उपास करून हे पुस्तक वाचले जाते.

ख्रिस्ती श्रद्धेत या स्तोत्रांना वेगळेच वजन येते, कारण ती येशूच्या तोंडी आहेत. वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी दोन थेट स्तोत्रसंहितेतले : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा २२व्या स्तोत्राचा आरंभ आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे शब्द ३१व्यातले. २२वे स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते, तेव्हा येशूच्या मनात ते पूर्ण स्तोत्र असावे असे काही भाष्यकार म्हणतात. तसे असेलही, पण त्या किंकाळीची धार कमी करण्यासाठी हा युक्तिवाद वापरणे योग्य नव्हे. शुभवर्तमानकारांनी ती अरामी भाषेतल्या मूळ शब्दांसह जपून ठेवली आहे. लाजार या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला, गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला, आणि त्याने मोठा आक्रोश करीत व अश्रू गाळीत प्रार्थना केल्या असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. निराश माणसाला ख्रिस्ती धर्म जो देव दाखवतो, तो ही वाट चाललेला आहे. पुनरुत्थानाची आशा याच वधस्तंभाच्या पलीकडे उभी आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ख्रिस्ताच्या प्रीतीपासून काहीही आपल्याला वेगळे करू शकणार नाही असे प्रेषित पौल लिहितो, आणि त्या उताऱ्याच्या मधोमध ४४व्या विलापस्तोत्रातली, वधासाठी नेलेल्या मेंढरांची ओळ घालतो.

मठांमध्ये ही स्तोत्रे रोजच्या प्रार्थनेचा भाग झाली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार संन्यासी आठवड्यात सर्व १५० स्तोत्रे म्हणत. सात स्तोत्रे (६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३) पश्चात्तापाची म्हणून वेगळी ओळखली गेली. पवित्र सप्ताहात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) एकेक मेणबत्ती विझवत विलापगीतातील उतारे गाण्याची प्रथा युरोपातील कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतके होती. १३०वे स्तोत्र, खोल गर्तेतून मारलेली हाक, मृतांसाठीच्या प्रार्थनेत रूढ झाले. मार्टिन ल्यूथर यांनी त्यावरून जर्मन गीत रचले, तेही अंत्यविधीत गायले जाऊ लागले.

विसाव्या शतकात या स्तोत्रांचा अर्थ पुन्हा नव्याने कळला तो तुरुंगांत आणि छावण्यांत. नाझी राजवटीला विरोध करणारे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) डीट्रिख बोनहॉफर यांनी आपल्या बायबलमध्ये ७४व्या स्तोत्रात, देशातील देवाची सर्व सभास्थाने जाळली या ओळीपाशी, ९ नोव्हेंबर १९३८ ही तारीख टिपली होती. त्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनामंदिरे पेटवली गेली होती. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ते रोज स्तोत्रे वाचत. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. विलापाकडे पाश्चात्त्य मंडळ्यांनी पाठ फिरवल्याची मोठी किंमत मोजावी लागते, ही मांडणी अमेरिकी अभ्यासक वॉल्टर ब्रुगेमान यांनी १९८६ मध्ये केली. त्यांच्या मते, जिथे देवाला जाब विचारता येत नाही, तिथे अन्यायाचा प्रश्नही हळूहळू विचारला जाईनासा होतो.

मराठी वाचकाला हा सूर अनोळखी नाही. दुष्काळात बायको-मूल गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण, समर्थांची करुणाष्टके यांवर वाढलेला कान विलापस्तोत्र लगेच ओळखतो. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक म्हणत. त्यांची भजने व अभंग मराठी मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर गायले जातात. पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, पती १८८२ मध्ये पटकीने. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांना पुण्याजवळ केडगाव येथील मुक्ती सदनात आसरा दिला. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक मूळावरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. अशा हातांनी ‘कोठवर?’ हा प्रश्न मराठीत उतरवला गेला आहे.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि सात उद्गारांवर एकेक संदेश दिला जातो. कॅथलिक भाविक ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘क्रुसाची वाट’ ही येशूच्या वधस्तंभाकडील वाटचालीची प्रार्थना करतात. वर्षातले हे दिवस सोडले, तर विलाप आपल्याकडे मागे पडतो. मंडळीपुढे साक्ष द्यायची ती संकट टळल्याची, असा जणू अलिखित नियम आहे. ज्याचे संकट टळलेले नाही तो मागच्या बाकावर गप्प बसतो, आणि भेटायला आलेले लोक त्याला रडू नको, देवाची इच्छा म्हण, असे सांगतात. स्तोत्रसंहितेत दुःखिताला असे गप्प बसवलेले नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर त्याची समजूत काढणाऱ्या मित्रांवरच देव रागावतो आणि तक्रार करणारा ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला असे म्हणतो.

खिन्नता आजाराच्या थराला गेली असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाची मदत तातडीने घ्यावी. प्रार्थना आणि औषध यांत विरोध नाही. अशा अवस्थेत पुष्कळांना प्रार्थनेचा एक शब्दही सुचत नाही. तिथे या स्तोत्रांचा जुना उपयोग कामी येतो. ती समुदायाने म्हणायची आहेत, म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसलेले पाळक, शेजारी किंवा घरचे माणूस १३वे, ४२वे वा ८८वे स्तोत्र त्याच्या वतीने, त्याच्या जागी ‘मी’ म्हणत सावकाश वाचू शकते. उपदेश न जोडता वाचणे उत्तम. ऐकणाऱ्याला रडू आले, तर वाचन थांबवावे आणि त्याची इच्छा असेल तेव्हा पुढे सुरू करावे.